हिवाळ्यातली कॉकटेल्स घरी करताना: बाटली सगळ्यात शेवटी उघडा

गरम केलेली वाईन कडू झाली, टॉडीत (गरम पाण्यातल्या रम-ब्रँडीत) गूळ तळाशी तसाच राहिला, शेकरमधून (कॉकटेल हलवायच्या बंद भांड्यातून) चव कमी आणि पाणीच जास्त आलं. थर्टी फर्स्टची पार्टी झाली की या तक्रारी दरवर्षी कानावर येतात. बाटली महागातली असते, पाककृतीही ठीक असते. चुकतो तो क्रम. पाहुणे दारात आले की आधी बाटली उघडली जाते आणि मग लिंबू, साखर, बर्फ यांची शोधाशोध सुरू होते. घरी कॉकटेल करायचं तर हा क्रम उलटा करावा लागतो. पाक, बर्फ, रस, ग्लास हे सगळं तयार असलं, चाखून झालं, की मगच बाटलीला हात लावायचा. लिंबू जास्त पडलं तर तो रस टाकून देता येतो. त्यात व्हिस्की पडून गेली असेल तर तीही टाकावी लागते.

खालचं सगळं प्रमाण आठ जणांसाठी आहे. दोन गरम पेयं, दोन थंड आणि एक आदल्या दिवशी मिसळून ठेवायचं, अशी पाच पेयं दिली आहेत. एका रात्रीत पाचही करू नका. एक गरम आणि एक थंड एवढं पुरतं.

आधी एवढं पाहून घ्या

महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, बाकीच्या कडक दारूसाठी २५ वर्षांची. दारू विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो. तो नसेल तर आधी काढून घ्या. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, म्हणून त्या आठवड्यात कार्यक्रम असेल तर खरेदी आधीच उरकून ठेवा. बाटली परवानाधारक दुकानातूनच, सील बघून घ्या. ओळखीतून स्वस्तात मिळालेली सुटी दारू घरात आणू नका. तिच्यात मिथेनॉल असलं तर माणूस आंधळा होतो, जीवही जातो, आणि ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.

टप्पा १: आठवडाभर आधी खरेदी आणि मापं

पहिली खरेदी पेग मेजरची. ३० आणि ६० मिलीचं दुतोंडी स्टीलचं माप भांड्यांच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर मोजणीचे चमचे वापरा: टीस्पून म्हणजे ५ मिली, टेबलस्पून म्हणजे १५ मिली. अंदाजाने ओतलेला ‘लहान पेग’ बहुतेक वेळा ४०–४५ मिली भरतो, आणि तिथेच कॉकटेलचा तोल जातो. लिंबू आणि पाक यांचं प्रमाण ४५ मिलीला बसवलेलं असेल आणि ग्लासात ६० मिली गेलं, तर पेय जळजळीत लागणारच.

शेकर नसला तरी अडत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाची, अर्ध्या लिटरची काचेची बरणी चालते. बारीक जाळीची चहाची गाळणी, मलमलचा तुकडा, धारदार सोलाणं आणि जाड बुडाचं स्टीलचं पातेलं हवं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मिळाला तर गरम वाईनचं निम्मं काम सोपं होतं.

सावध राहा: वाईन आणि लिंबू दोन्ही आंबट असतात. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ती गरम करू नका, ठेवूही नका. भांडी बाजारात शोभेचे तांब्याचे मग मिळतात. आतून स्टीलचं किंवा कथलाचं अस्तर असेल तरच ते प्यायला वापरा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही नको.

वाईनबद्दल नाशिककर नशीबवान आहेत. गंगापूर धरणाच्या परिसरातल्या वायनरीज असोत की दिंडोरीकडच्या, बाटली थेट जिथे तयार होते तिथूनच आणता येते. गरम करायच्या वाईनसाठी फळांची चव ठळक असलेली साधी लाल वाईन घ्या. शिराझ किंवा झिनफँडेल छान लागते. लाकडी पिंपात मुरलेली, ‘रिझर्व्ह’ लिहिलेली महाग बाटली यासाठी उघडू नका. तापवल्यावर तिचा तुरटपणा आणखी पुढे येतो आणि जे नाजूक वास असतात ते वाफेबरोबर उडून जातात. गोड पोर्ट वाईन घेणार असाल तर खालच्या कृतीतली साखर निम्मी करा.

फळं दोन दिवस आधी आणा. डाळिंब जड आणि किंचित कोनेदार असलेलं निवडा. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातलं चांगलं डाळिंब या दिवसांत बाजारात असतं. पेरू पिवळसर झालेला, वास सुटलेला हवा. लाल गराचा मिळाला तर रंग सुरेख येतो. लिंबं कागदी, पातळ सालीची घ्या. द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारीपासून सुरू होतो. त्याआधी बाजारात दिसतात ती बहुतेक सटाणा, कळवणकडची अर्ली द्राक्षं. ती चालतात, पण चाखून घ्या.

टप्पा २: दोन दिवस आधी बर्फ

घरच्या कॉकटेलमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बर्फाकडे. शेकरमधून गाळल्यावर हातात येणाऱ्या पेयात साधारण पाव हिस्सा पाणी हे वितळलेल्या बर्फाचं असतं. त्यामुळे बर्फाला फ्रिजरमधल्या बोंबलाचा किंवा उरलेल्या रश्श्याचा वास असेल तर तो सरळ ग्लासात उतरतो.

फ्रिजरमधले उघडे पदार्थ आधी बाहेर काढा किंवा झाकणाच्या डब्यात घाला. पिण्याचं पाणी उकळून, निवू देऊन ट्रेमध्ये भरा. क्यूब तयार झाले की लगेच झिप पिशवीत घालून पुन्हा फ्रिजरमध्ये ठेवा आणि दुसरी खेप लावा. थंड पेयं असतील तर माणशी अर्धा किलो बर्फ धरावा. त्यातला निम्मा ग्लासात जातो, निम्मा हलवण्यात आणि बाटल्या गार करण्यात.

मोठा बर्फ हवा असेल तर स्टीलच्या चौकोनी डब्यात दोन इंच पाणी भरून चोवीस तास गोठवा. बाहेर काढून पाच-दहा मिनिटं ओट्यावर ठेवा, मग जाड सुरीची धार त्यावर टेकवा आणि लाटण्याने सुरीच्या पाठीवर हलके ठोका. ढेकळं सरळ फुटतात. बर्फ फ्रिजरमधून काढल्या काढल्या ठोकला तर त्याच्या ठिकऱ्या उडतात.

तपासून बघा: एक क्यूब तोंडात टाका. साध्या पाण्यापलीकडे कसलीही चव लागली तर ती खेप बाटल्या गार करायला वापरा, ग्लासात नको.

बाहेरून बर्फ आणायचा तर खाण्यायोग्य, सीलबंद पिशवीतलाच. मासे आणि भाजी गार ठेवायच्या लाद्यांचा बर्फ पेयात कधीही घालू नये.

टप्पा ३: आदल्या दिवशी पाक

थंड दारूत साखर विरघळत नाही. कितीही ढवळली तरी ती तळाशी बसते आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो. म्हणून गोडी नेहमी पाकातूनच घालायची. आपल्याकडे इथे एक हमखास चूक होते: पाक म्हटला की हात आपोआप एकतारी पाकाकडे वळतो. कॉकटेलला तार नको. साखर विरघळली की काम झालं.

साधा पाक: २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवा, उकळू नका. निवला की बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो.

गूळ-आल्याचा पाक: २०० ग्रॅम किसलेला गूळ, २०० मिली पाणी, ५० ग्रॅम आलं. आलं किसू नका, सालासकट खलबत्त्यात ठेचा. किसलेल्या आल्याचा पिठूळ साका पाकात उतरतो आणि तो गढूळ होतो. गूळ विरघळला की आलं घालून मंद आचेवर आठ मिनिटं ठेवा, गॅस बंद करून झाकण लावा आणि वीस मिनिटांनी मलमलमधून गाळा. गुळात माती आणि उसाच्या चिपाडाचे कण असतात, म्हणून चहाच्या गाळणीवर भागत नाही. हा पाक आठवड्याच्या आत संपवावा.

डाळिंबाचा पाक: दाणे मिक्सरमध्ये घालू नका. आतली बी भरडली जाते आणि रस कडवट, दुधी होतो. दाणे जाड झिप पिशवीत भरा, हवा काढून टाका आणि वरून लाटणं फिरवा. पिशवीचा एक कोपरा कापून रस गाळणीत ओता. २०० मिली रसाला १५० ग्रॅम साखर घालून अगदी मंद आचेवर विरघळवा आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. उकळी आली तर ताज्या डाळिंबाची चव जाऊन जॅमसारखी चव येते.

पेरूचा गर: अर्धा किलो पेरू चिरा, पाव लिटर पाण्यात आठ-दहा मिनिटं मऊ शिजवा, डावाने घोटा आणि पुरणाच्या चाळणीतून दाबून काढा. बिया वर राहतात. गर गरम असतानाच त्यात ६० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घाला.

तपासून बघा: पेरूचा गर चमच्यातून सलग, जाड धारेने पडायला हवा. गोळ्याने पडत असेल तर थोडं पाणी घालून सैल करा, नाहीतर शेकरच्या गाळणीत तो तुंबून बसेल.

सगळ्या बाटल्यांवर नाव आणि तारीख लिहा. गूळ-आल्याचा पाक आणि पुढच्या टप्प्यातला दालचिनी-संत्र्याचा पाक रात्रीच्या उजेडात सारखेच दिसतात.

टप्पा ४: आदल्या रात्री, बाटली आधी उघडायची ती एकच वेळ

ज्या कॉकटेलमध्ये रस, दूध किंवा फेस नाही, नुसती दारू आणि पाक आहे, ते आदल्या रात्री मिसळून ठेवलं तर उलट चांगलं मुरतं. यजमानालाही पाहुण्यांबरोबर बसता येतं. आठ जणांसाठी व्हिस्की किंवा ब्रँडी ४०० मिली, दालचिनी-संत्र्याचा पाक ८० मिली आणि पिण्याचं पाणी १०० मिली घ्या. पाकासाठी साध्या पाकात दालचिनीचा बोटभर तुकडा आणि एका संत्र्याची साल अर्धा तास मुरवून गाळून घ्या. बिटर्सची (कडवट मसाल्यांच्या अर्काची) बाटली घरात असेल तर सोळा थेंब घाला, नसेल तर सोडून द्या.

हे पाणी पाहून अनेकांना वाटतं की पेय पातळ होणार, आणि ते पाणी घालतच नाहीत. पण एरवी बर्फावर ढवळताना जे पाणी मिसळलं असतं, ते इथे आपण मोजून घालतोय. ते वगळलं तर घशाला चटका बसतो. मिश्रण स्वच्छ काचेच्या बाटलीत, वर दोन बोटं जागा ठेवून भरा. रात्रभर फ्रिजमध्ये आणि पाहुणे यायच्या तासभर आधी फ्रिजरमध्ये ठेवा. देताना एका ग्लासात ७० मिली, बर्फाचं एकच मोठं ढेकूळ आणि वरून संत्र्याची साल पिळून.

एका ग्लासात ५० मिली दारू आहे, म्हणजे जवळजवळ पावणेदोन लहान पेग. पाहुण्यांना तसं सांगूनच द्या.

टप्पा ५: पाहुणे यायच्या दोन तास आधी

आता रस. लिंबाचा रस सकाळी काढून ठेवला तर रात्रीपर्यंत त्याचा तजेला जातो आणि कडवटपणा येतो. दोन-तीन तास आधी काढलेला उत्तम. लिंबू ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा, आडवं कापा, पिळताना सालीला फार मुरगळू नका आणि रस गाळून घ्या. आठ जणांना साधारण १८० ते २०० मिली लागेल. एका मध्यम कागदी लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो, त्यावरून किती आणायची ते काढा.

संत्र्याची साल काढताना सालीखालचा पांढरा भाग सोडायचा. सगळा कडूपणा तिथेच असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोलाणं नीट चालत नाही. तुकडे हाताने काढा, पालथे ठेवा आणि चमच्याच्या कडेने पांढरा भाग खरवडून टाका. त्याआधी फळ कोमट पाण्यात चोळून धुवा. द्राक्षं तर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, दोनदा धुवून, कोरडी करूनच वापरा, कारण बागेत फवारणी होते. अशी धुतलेली द्राक्षं फ्रिजरमध्ये गोठवून ठेवा. वाईन किंवा स्पार्कलिंगच्या (बुडबुड्यांच्या वाईनच्या) ग्लासात तीन-चार टाकली की पेय पातळ न होता गार राहतं. लहान मुलांच्या हाती मात्र अख्खी गोठलेली द्राक्षं देऊ नका, घशात अडकू शकतात.

ग्लासही आताच लावायचे. थंड पेयांचे ग्लास फ्रिजमध्ये जातात, गरम पेयांचे मग ओट्यावर. पातळ काचेच्या वाईन ग्लासात गरम पेय ओतलं तर काच तडकते. चिनी मातीचे कप किंवा स्टीलचे ग्लास वापरा.

याच वेळी पाक आणि रस यांची दारूविना चव घ्या. ३० मिली पाणी, २० मिली लिंबू, १५ मिली पाक. हे सरबत चांगलं लागलं तर कॉकटेलही चांगलं होईल. आंबट वाटलं तर पाक वाढवायचा, नुसतं गोड लागलं तर लिंबू. ही चव आत्ताच जमवून घेतली की पुढे महागडी चीज वाया जात नाही. जे पीत नाहीत किंवा ज्यांना गाडी चालवायची आहे, त्यांच्यासाठी हाच पाया सोडा घालून तयार असतो. त्यांच्या हाती कोल्ड्रिंकची बाटली द्यायची वेळ येत नाही.

टप्पा ६: गरम मसाला वाईन

साहित्य: लाल वाईनची ७५० मिलीची एक बाटली, पाणी १०० मिली, साखर ८० ग्रॅम, दालचिनीचा बोटभर एक तुकडा, लवंगा सहा, वेलदोडे तीन, चक्रीफूल एक, एका संत्र्याची साफ केलेली साल आणि रस. हवी तर ६० मिली ब्रँडी.

मसाले अख्खेच हवेत. गरम मसाल्याची पूड घातली तर वाईन गढूळ होते आणि जिभेवर रवाळ लागते. दालचिनीचा जाड, खरबरीत तुकडा आपल्या बाजारात सर्रास मिळतो. तो तिखट असतो, त्यामुळे एकच पुरे.

पहिल्यांदा पातेल्यात वाईन ओतूच नका. पाणी, साखर, मसाले आणि संत्र्याची साल एवढंच घेऊन उकळी आणा आणि पाच-सहा मिनिटं उकळू द्या. घरभर वास दरवळला आणि पाक किंचित दाट झाला की आच अगदी बारीक करा. मसाल्याला उकळी लागते, वाईनला ती सोसत नाही, म्हणून ही दोन कामं वेगळी करायची. वाईन आणि मसाले एकत्र चढवून उकळत ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळतं. वाईन खदखदली की दारू आणि फळांचे वास दोन्ही उडतात आणि मागे आंबट-तुरट काढा उरतो.

आता बाटली उघडा. वाईन आणि संत्र्याचा रस घाला आणि ६५ ते ७० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याकडे बघत राहा. पृष्ठभागावरून वाफेचे धागे निघायला हवेत, पण कडेला बुडबुडे दिसता कामा नयेत. दिसले की पातेलं तवा लावून वर ठेवा किंवा गॅस बंद करा. वाईन घातल्यापासून वीस मिनिटांनी मसाले झाऱ्याने काढून टाका. लवंग जास्त वेळ राहिली तर जीभ बधिर करते आणि मग दुसरी कुठलीच चव कळत नाही.

ब्रँडी घालायची तर गॅस बंद केल्यावर. तापलेल्या पातेल्यात, ज्योत चालू असताना ती ओतू नका, भडका उडू शकतो.

तपासून बघा: एक चमचा वाईन घ्या. ओठाला चटका न बसता पिता आली पाहिजे. आधी फळ, मग मसाला, शेवटी थोडी तुरट चव, असा क्रम लागला की झालं. आंबट वाटत असेल तर चमचाभर साखर आणखी. गूळ इथे नको, त्याची खारट छटा लाल वाईनशी भांडते.

पार्टीभर गरम ठेवायची असेल तर गॅसवर ठेवू नका. थर्मासमध्ये गरम पाणी घालून तो तापवा, पाणी ओतून द्या आणि वाईन भरा. दोन-तीन तास छान राहते. यातून १२० मिलीचे आठ कप होतात, आणि ब्रँडी घातली असेल तर एका कपात लहान पेगपेक्षा थोडं जास्तच अल्कोहोल असतं. गोड आणि गरम असल्यामुळे ते पटकन पोटात जातं.

टप्पा ७: गूळ-आल्याची टॉडी

ही एकेक कप करायची, मोठ्या पातेल्यात नाही. कपात उकळतं पाणी घालून तो अर्धा मिनिट तापवा, पाणी ओतून द्या. मग २० मिली गूळ-आल्याचा पाक, १५ मिली लिंबू, १२० मिली गरम पाणी. पाणी उकळून एक-दोन मिनिटं थांबलेलं असावं. ढवळा, चव घ्या. शेवटी ४५ मिली रम किंवा ब्रँडी. वर एक लवंग आणि गवती चहाची गाठ मारलेली पात.

लिंबू पाकाबरोबर आगीवर उकळू नका, कडवट होतं. दूध घालायचा मोहही टाळा, लिंबाने ते फाटतं.

हिच्याबद्दल एक समज घट्ट आहे: थंडीत रम प्यायल्याने अंग गरम राहतं. होतं उलटं. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब जाणवते, पण शरीरातली उष्णता बाहेर पडू लागते. निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास घसरलेला असताना नाशिकच्या गच्चीवर स्वेटर काढून बसणं धोक्याचं आहे. पेयाबरोबर शाली आणि कानटोप्याही वर न्या. शेकोटी पेटवली असेल तर बाटल्या तिच्यापासून लांब, वेगळ्या टेबलावर ठेवा आणि आगीवर दारू शिंपडण्याचा खेळ कुणालाही करू देऊ नका. सर्दीवर झोप आणणारी गोळी घेतलेल्या माणसाला टॉडी देऊ नका, बिनरमीची द्या.

टप्पा ८: पेरू, लिंबू आणि तिखट-मीठ

ग्लासाची कड आधी. बशीत दोन भाग मीठ आणि एक भाग बेडगी मिरचीची पूड मिसळा. लवंगी मिरची नको. ग्लासाच्या बाहेरच्या कडेला, तीही अर्ध्याच, लिंबाची फोड फिरवा आणि मिठावर टेकवा. आतल्या बाजूला मीठ लागलं तर ते पेयात पडतं आणि प्रत्येक घोट आधीच्यापेक्षा खारट होतो. निम्मी कड कोरी ठेवली की ज्याला नको त्याला त्या बाजूने पिता येतं.

शेकरमध्ये किंवा बरणीत ४५ मिली पेरूचा गर, २० मिली लिंबू, १० मिली साधा पाक. मग ४५ मिली व्होडका किंवा जिन. बर्फ अगदी शेवटी, आणि भरपूर: निम्म्यापेक्षा जास्त भांडं भरेल एवढा. बर्फ कमी घातला तर पेय कमी पाणचट होईल असं वाटतं, पण घडतं उलट. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय गार होण्याआधीच पाणी सोडतो. ट्रेमधून काढून तासभर बाहेर राहिलेला ओला बर्फही तसाच वागतो. फ्रिजरमधून थेट घ्या.

झाकण दोन्ही हातांनी धरून बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. बरणीच्या बाहेर दव धरलं आणि हाताला गारवा झोंबायला लागला की थांबा. गर दाट असल्याने गाळणी लावून ओता, नाहीतर बर्फाच्या कपच्या पृष्ठभागावर तरंगतात. एका वेळी दोनच ग्लास करा. चार एकदम केले तर बर्फाला जागा उरत नाही.

सावध राहा: सोडा, टॉनिक, स्पार्कलिंग वाईन किंवा गरम पाणी बंद भांड्यात घालून कधीही हलवू नका. दाबाने झाकण उडतं.

सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेऱ्या मिळाल्या तर हेच पेय त्यांच्याबरोबर होतं. गर शिजवायचा नाही, कच्च्याच ठेचायच्या, आणि तिखट-मिठाऐवजी मिरपूड.

टप्पा ९: बाराच्या ठोक्याला, स्पार्कलिंग आणि डाळिंब

स्पार्कलिंगची बाटली किमान चार तास फ्रिजमध्ये आडवी न ठेवता उभी ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात ठेवली तर वेळ जास्त लागतो, कारण काचेला बर्फ सगळीकडून टेकत नाही. फ्रिजरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटते.

पारंपरिक पद्धतीने (बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून) केलेल्या स्पार्कलिंगच्या बाटलीत दाब पाच-सहा वातावरणांइतका असतो, म्हणजे चारचाकीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. बाटली हलवून कॉर्क उडवण्याचा प्रकार डोळा घालवू शकतो, आणि निम्मी वाईन जमिनीवर जाते ती वेगळीच. नीट उघडायचा क्रम असा: फॉइल काढा, कॉर्कवर नॅपकिन आणि अंगठा ठेवा, अंगठा न काढता तारेचा पीळ सोडवा. बाटली तिरपी, माणसांकडे तोंड न करता धरा. कॉर्क घट्ट पकडून ठेवा आणि बाटली खालून हळूहळू फिरवा. कॉर्क आपणहून वर येऊ लागला की त्याला उलट थोपवून धरा. हलकीशी ‘फुस्स’ झाली की बरोबर उघडली.

गार ग्लासाच्या तळाशी १० मिली डाळिंबाचा पाक आधीच घालून ठेवा. ग्लास तिरपा धरून थोडी स्पार्कलिंग ओता, फेस बसू द्या, मग १२० मिलीपर्यंत भरा. लांब चमचा एकदाच तळापर्यंत नेऊन हलकेच वर आणा. पाक नंतर ओतला तर फेस उसळून बाहेर येतो, आणि जास्त ढवळलं तर बुडबुडे संपतात. लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेली कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाईन इथे योग्य, कारण गोडी पाकातून येते. गोडसर डेमी सेक घेतली तर पाक पाच मिलीवर आणा. ७५० मिलीच्या एका बाटलीत सहा ग्लास होतात, म्हणून आठ जणांना दोन बाटल्या लागतात.

टप्पा १०: रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी

रिकाम्या पोटी पहिला ग्लास देऊ नका. शेंगदाण्याची चटणी लावलेल्या भाकरीचे तुकडे, भाजलेलं पनीर, हुरडा मिळाला तर हुरडा, असं काहीतरी आधी समोर आलं पाहिजे. प्रत्येक पेयानंतर एक ग्लास साधं पाणी. माणशी दोन पेयांचा हिशेब धरूनच सामान काढा, म्हणजे तिसऱ्याचा आग्रह होत नाही.

गाडीच्या किल्ल्या येतानाच एका वाटीत गोळा करा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती एका-दोन पेयांत ओलांडली जाते. कॉफी किंवा लिंबूपाणी पिऊन ती उतरत नाही, फक्त वेळ गेल्यावर उतरते. परतीची रिक्षा किंवा कॅब आधीच ठरवा, कारण थर्टी फर्स्टच्या मध्यरात्री ती सहज मिळत नाही. जमलं तर दोन-चार गाद्या घालून ठेवा.

उरलेली मसाला वाईन गाळून बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन दिवस राहते, पुन्हा तापवताना तोच नियम: बुडबुडे दिसता कामा नयेत. उघडलेली साधी लाल वाईन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चालते. लिंबाचा रस उरला असेल तर टाकून द्या. पेरूचा गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, पुढच्या वेळी दोन क्यूब थेट शेकरमध्ये टाकता येतात. डाळिंबाचा पाक दहा दिवसांत संपवा. वर बारीक फेस किंवा आंबूस वास दिसला तर तो आंबला आहे, ओतून द्या आणि बाटली उकळत्या पाण्याने धुवा.